आधी माय नेसते, मग पंचफुला

कापडाच्या दुकानात एक गोष्ट हमखास होते. गिऱ्हाईक म्हणतं, "एकच साडी दाखवा, घाई आहे." ती एक काढायला गेलं की वरची सरकते, खालची उघडते, बाजूच्या साडीचा काठ दिसतो, आणि गिऱ्हाईक उठतं तेव्हा गादीवर ढीग! पंचफुलाताईच्या किश्शांचं माझ्याकडे असंच झालंय. एक काढला की ढीग पडतो.

कारंज्याच्या बाजारात आमचं दुकान आहे. गल्ल्यामागे तिचा फोटो लावलाय. (हार नाही हं, ती ठणठणीत आहे!) नवं गिऱ्हाईक फोटो पाहतं आणि विचारतं, "ही तर नाटक-सिनेमातली! रडते ती! तुमच्याकडे कशी?" झालं. रहीमभाई, म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळचे आमचे सेल्समन, हातातली कापड मोजायची मीटरपट्टी बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "शेठ, चाय मंगाऊं क्या?" त्यांना माहीत असतं, आता शेठ लवकर आवरत नाहीत.

माझी शाळा सातवीतच आटोपली. त्यामुळे अभिनयावर भाषण मला जमायचं नाही. साड्यांवरून जेवढं कळतं तेवढं सांगतो.

*

ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा ताई नव्हती, नुसती जवळच्या इंझोरी गावची पंचफुला होती. कॉलेजात जाणारी, सडपातळ, मोठ्या डोळ्यांची. सोबत तिची आई, अंजनामाय. (आमच्याकडे आईला माय म्हणतात, आणि लाडात आलं की लेकीलाही.) मायलेकी दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जायच्या. बाप थोड्याच महिन्यांपूर्वी गेलेला. गावात एप्रिलातल्या जयंतीला नाटक बसत होतं आणि पंचफुलाला त्यात म्हातारीचं काम मिळालं होतं.

गादीवर बसल्याबरोबर म्हणते कशी, "भाऊ, जुनी साडी दाखवा."

रहीमभाई चमकले. "बेटी, ये नई साडी की दुकान है. जुनी तो घर में होती है ना!"

"घरच्या जुन्या साऱ्या फाटल्या चाचा. म्हातारीची पायजे, पण फाटकी नाही."

आता काय दाखवावं? अंजनामायनं मात्र हात घालून सगळ्यात साधी सुती साडी ओढली. "हे द्या. आठ दिवस मी नेसतो पऱ्हाट्या उपटाले. मंग हे नेसन. होऊन जाते म्हातारीची."

नव्या साडीची घडी मोडायची रीत आपल्याकडे आहेच. नवी साडी आधी जवळच्या एखाद्या बाईला नेसायला द्यायची, मग आपण नेसायची. पण लोक घडी मोडतात लग्नाबिग्नाला जाऊन. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून घडी मोडलेली मी तरी तेव्हाच पाहिली!

जयंतीनंतर अंजनामाय बाजाराला आली तेव्हा मी विचारलं, "कसं झालं पोरीचं काम?"

"लोकं म्हणतात का चांगलं झालं. मी नाही पायलं."

"काहून?"

"थे रडते म्हणे त्यात."

मी हसलो. "अवो माय, नाटकातलं रडणं खोटं असते."

ती हसली नाही. "शेठ, बाप गेला तवा थे पोट्टी रडली नाही. चूल पेटवून आल्यागेल्याले चहा केला तिनं. मीबी रडलो नाही तिच्यासमोर. आता लोकाईसमोर रडते म्हणते. माह्यानं पाहवल्या जात नाही."

तेव्हापासून एक ठरूनच गेलं. पंचफुलाच्या साडीची घडी माय मोडणार. तिचं काम माय पाहणार नाही.

*

पुढे ती नागपूरला गेली, तिथून मुंबईला. नाटकात नाव झालं आणि एका सिनेमावाल्या साहेबांनी तिला बोलावलं. काम पसंत, आवाज पसंत, चेहरा पसंत. नाव तेवढं पसंत नाही! पोस्टरवर शोभेल असं छोटं, गोड काहीतरी हवं म्हणाले.

"नाव मायनं ठेवलं आहे, तिले विचारा," पंचफुलानं सांगितलं आणि आमच्या दुकानाचा नंबर दिला. अंजनामायच्या घरी तेव्हा फोन नव्हता.

बाजाराच्या दिवशी साहेबांचा फोन आला. मी रिसीव्हर अंजनामायच्या हातात दिला. साहेब पलीकडून बराच वेळ समजावत होते. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "शेठ, त्याले इचारा, त्याच्या मायनं ठेवलेलं नाव तो बदलवते काय? तो बदलवत असन तं आमीबी इचार करू."

मी हे जसंच्या तसं सांगितलं. मग साहेब म्हणाले, "राहू द्या. पंचफुलाच छापतो."

*

तेव्हापासून आमची लाइन बसली. तिला कुठल्याही नाटकात, सिनेमात काम मिळालं की तिचा मला फोन. "भाऊ, एक साडी मायकडे धाडजा." कशी साडी ते ती सांगायची, मी काढायचो, इंझोरीकडे जाणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या हाती द्यायचो. माय ती आठ-पंधरा दिवस वावरात नेसायची, धुवायची, वाळवायची आणि परत पाठवायची. मग मी पार्सल करून मुंबईला.

मुंबईतल्या कपडेपटाच्या मुली म्हणे आधी वैतागायच्या. त्यांच्याकडे नव्या साडीला जुनं करायचे भारी भारी उपाय होते. पंचफुलाताई म्हणायची, "तुमची साडी जुनी दिसते, पण कोणाची दिसत नाही."

पण एकदा घोटाळा झाला! तिला एका सिनेमात मोठ्या जमीनदारीण बाईचं काम मिळालं. फोन आला, "भाऊ, या वेळी रेशमी धाडा. जड काठाची." मी दुकानातली उत्तमातली उत्तम काढली, जांभळ्या अंगाची, नेहमीप्रमाणे इंझोरीला पाठवली. निरोप काय दिला? नेहमीचाच. "घडी मोडा."

साडी परत आली तेव्हा रहीमभाईंनी घडी उलगडली आणि डोक्याला हातच लावला. खाली धुऊनही न निघालेला मातीचा पट्टा, निऱ्यांना कुसळं, पदराला कापसाची बोंडं पुसल्यासारखे डाग! मायनं रेशमी साडी नेसून पंधरा दिवस कापूस वेचला होता!

मी तसाच इंझोरीला गेलो. "अवो माय, काय केलं हे? ती मालकीण होती सिनेमात!"

अंजनामायनं तोंडाला पदर लावला. "मले काय मालूम बापा! मले वाटलं, पोट्टीले नेहमीसारखं गरिबाचंच काम भेटलं असन. म्हटलं, आजकाल गरीबबी लय चांगलं नेसून राह्यले!"

भीत भीत पंचफुलाताईला फोन केला. ती इतकी हसली की मी रिसीव्हर कानापासून दूर धरला. म्हणाली, "पाठवा तशीच. आता माही मालकीण सोता वावरात जाणारी आहे."

तो सिनेमा पाहिला असेल तर आठवा. एवढी मोठी वाड्यावरची बाई, पण बसली की आधी निऱ्यांची कुसळं काढत बसते. सगळ्यांनी त्या कुसळं काढण्याची तारीफ केली. तिनं काय मुद्दाम केलं होतं? कुसळं खरंच टोचत होती!

*

इंझोरीत तिच्या सिनेमांना त्यांच्या नावानं कोणी ओळखत नाही. बाया ओळखतात साडीवरून. "हिरव्या काठाचं पिच्चर पायलं काय व?" "नाही, मी चौकटीचं पायलं. हिरव्या काठाच्यात तं अंजनामाय आमच्या वावरात व्हती निंदाले!" पडद्यावर पंचफुलाताई पोलीस स्टेशनात हंबरडा फोडत असते आणि गावातली एक बाई दुसरीला सांगत असते, "थो पदराचा डाग दिसला काय? माह्या इथं जेवली तवाचा हाय!"

आमचाही धंदा वाढला, खोटं कशाला बोलू. एकदा एक बाई आल्या, सुनेसाठी साडी घ्यायची होती. म्हणाल्या, "पंचफुलाबाई आंगणात बसून रडते, थ्या पिच्चरातली द्या."

मी समजावलं, "अहो ताई, लग्नाची खरेदी ना? त्या सीनमध्ये तिचा नवरा गेलेला आहे!"

बाईंनी जरा विचार केला. "गेला तं गेला," म्हणाल्या. "काठ चांगला हाय."

*

पंचफुलाताई गावी आली की कारंज्याला आमच्याकडे चक्कर ठरलेली. मेकअप नाही, गॉगल नाही, पायात साधी चप्पल. गादीवर मांडी घालून बसते आणि रहीमभाईंना "चाचा, काय नवीन?" म्हणून विचारते.

एकदा आईसाठी पातळ घेत होती. भाव काही तुटेना. मी म्हटलं, "ताई, तुम्ही आता एवढ्या मोठ्या झाल्या, तरी घासाघीस?"

तिनं पातळ हळूच बाजूला सारलं, मान खाली घातली. पाहतो तर डोळ्यांतून घळाघळा पाणी! ओठ थरथरतायत, आवाज फुटत नाही. "राहू द्या भाऊ... पुढच्या वर्षी घेऊ..." म्हणाली आणि चप्पल शोधू लागली.

मी म्हटलं, "अवो ताई, कायचा भाव घेऊन बसल्या? घेऊन जा, पैसेच नको मले!"

तिनं पदरानं डोळे पुसले आणि खळखळून हसली. रहीमभाई मागून म्हणाले, "शेठ, ये तो सीन था! लुट गए!"

पैसे तिनं पूर्ण दिले, तो भाग वेगळा. पण चहा पिताना मी विचारलंच, "ताई, असं पायजे तेव्हा रडणं कसं काय जमतं हो?"

तिनं बशीत चहा ओतला. म्हणाली, "घरी रडलो नाही न भाऊ. स्टॉक शिल्लक आहे."

मग आपणच म्हणाली, "साऱ्या महाराष्ट्रानं पायलं मले. मायनं नाही पायलं. तिनं एकडाव पाहावं, मंग नाही काम भेटलं तरी चालन."

*

तिला मोठं बक्षीस मिळालं तेव्हा गावानं सत्कार केला. विहाराच्या समोर मांडव, भाषणं, हार, आणि दिवेलागणीनंतर तिचा सिनेमा दाखवायचा बेत. मंडळी पडद्याला कापड मागायला माझ्याकडे आली. मी आनंदानं पांढरं मांजरपाट दिलं. फुकट दिलं, त्यामुळे जरा पातळातलं दिलं, हेही सांगून टाकतो.

अंजनामाय पहिल्या रांगेत, पांढरी साडी नेसून, गळ्यात हार. भाषणं होईस्तोवर बसली. सिनेमा सुरू झाल्यावरही बसली. पंचफुलाताई मला कोपरानं ढोसत होती, "भाऊ, बसली न! बसली!" आणि रडायचा सीन जवळ आला तशी माय उठली. कोणाला काही न बोलता चालत चालत पडद्याच्या मागे गेली आणि तिथल्या दगडावर जाऊन बसली.

आता पातळ मांजरपाट! पुढून जेवढं दिसतं तेवढंच मागूनही दिसतं. मायच्या डोक्यावर तिची पोरगी हातभर मोठ्या डोळ्यांनी रडतेय! मायनं डोक्यावरून पदर घेतला, तोंड गुडघ्यांत घातलं. मी मागे जाऊन पाहिलं तर पदराआडून आवाज आला, "झालं काय तिचं रडून?"

"होत आलं माय."

"शेठ," ती पदरातूनच म्हणाली, "मुलूखभराले कापड विकता. आज जरा जाड देता येत नव्हतं काय?"

*

यंदाची गोष्ट सांगतो आणि पसारा आवरतो.

अंजनामाय आता थकली. वावरात जाणं सुटलं. साड्यांची घडी मोडते, पण अंगणात बसून, तुरी निवडता निवडता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं करून फायदा नाही म्हणाले डॉक्टर. उन्हाळ्याच्या तोंडावर ती नातेवाइकाच्या गाडीत बसून दुकानात आली. माझा चेहरा जवळून पाहिला, मग म्हणाली, "शेठ, पोट्टीचं नाटक कारंज्याले हाय म्हणतात. आता दिसनं जाऊन राह्यलं. एकडाव पाहून घेतो तिले."

मी गादीवरून उठलोच! पंचफुलाताईला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"पण दोन गोष्टी," मायनं माझ्या हातून फोन घेतला. "मी लोकाईत बसणार नाही, तुह्याजवळ बसन. अन् तू रडाचं नाही."

"नाही रडणार," पंचफुलाताई म्हणाली.

बोलून तर बसली. पण ते नाटक असं की शेवटचा प्रवेश म्हणजे नुसतं रडणंच! मुलगी दूर देशी निघून गेलेली, म्हातारी आई एकटी. दोरीवर मुलीची साडी राहून गेलीय. आई ती ओढून घेते, तोंड खुपसून टाहो फोडते आणि पडदा. त्या टाहोसाठी लोक गावोगावाहून येतात.

मायला संध्याकाळी दिसत नाही, म्हणून प्रयोग दुपारचा ठेवला. हॉल गच्च. पंखे फिरतायत, वारा नाही. मी मेकअपरूममध्ये गेलो तर पंचफुलाताई म्हातारीच्या वेशात आरशासमोर बसलेली.

"भाऊ, शब्द दिला मी. नाही रडणार. पण मंग ते साडी हातात घेऊन करू काय तिथं?"

मला नाटकातलं काय कळतं? धंद्यातलं कळतं. मी म्हटलं, "ताई, सारं दुकान पाहून गिऱ्हाईक न घेता उठून गेलं, तर आम्ही काय करतो? रडतो काय? घडी करतो."

तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

विंगेत दोन खुर्च्या टाकल्या. एकीवर अंजनामाय, एकीवर मी, तिला धरून ठेवायला. माय नवी पांढरी साडी नेसून आलेली, दुकानातल्या घड्यांच्या रेघा अजून तिच्यावर तशाच. माझ्या ध्यानात आलं, मायच्या स्वतःच्या साडीची घडी आज मायच मोडत होती.

नाटक चाललं. माय एका डोळ्यानं पाहत होती, मान किंचित तिरपी करून. मधे एकदा हळूच म्हणाली, "हे मी हाय काय?" मी म्हटलं, "अशी तुमीच चालता." तिनं मान हलवली आणि पाहत राहिली.

शेवटचा प्रवेश आला. पंचफुलाताईनं दोरीवरची साडी ओढली. सारा हॉल रुमाल काढून तयार. तिनं साडी तोंडाशी नेली, थांबली, आणि खाली घेतली. मग तिनं साडी उलगडली आणि घडी करायला लागली.

एवढी लांब साडी एकटीनं घडी होते काय? घरी बाया दोघी धरतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. तिनं एक टोक हनुवटीखाली धरलं, दुसरं शोधायला हात लांबवला, ते सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. तोंड कोरडं, डोळे कोरडे. साडीचं टोक भुईवर लोळत आमच्या विंगेकडे आलेलं.

माझ्या शेजारी अंजनामाय चुळबुळली. "अवो, भुईले लागून राह्यलं," ती पुटपुटली. "कोणी धराना तिले."

मी तिचा हात धरायला गेलो. खुर्ची रिकामी!

लाइटमध्ये पांढरी साडी दिसली तेव्हा लोकांना वाटलं, नाटकातलंच पात्र आलं. माय वाकली, भुईवरचं टोक उचललं, झटकलं. पंचफुलाताई होती तिथंच थिजली. मायनं टोक ताणलं, घरी ताणतात तसं, आणि मानेनंच खूण केली, धर. तिनं धरलं. दोघी ताणून उभ्या राहिल्या. मग चालत समोरासमोर आल्या, टोक दिलं, टोक घेतलं, मागे सरल्या. पुन्हा आल्या. दर वेळी साडी अर्धी होत होती आणि दोघींमधलं अंतर अर्धं. पडदा ओढणारा माणूस दोरी धरून माझ्याकडे पाहत होता, ओढू की नको.

शेवटची घडी झाली तेव्हा दोघींच्या नाकांत वीतभर अंतर. साडी दोघींच्या हातांत. मायनं आपला चांगला डोळा जवळ नेऊन पोरीचा चेहरा पाहिला. त्यावरची रंगवलेली सुरकुती अंगठ्यानं पुसून पाहिली. आणि पंचफुलाताईचे डोळे भरून आले. तो स्टॉक नव्हता, एवढं मला विंगेतूनही कळलं.

वर माइक टांगलेला होता. म्हणून मायनं पोरीला जे कानात सांगितल्यासारखं सांगितलं, ते साऱ्या हॉलनं ऐकलं.

"रडू नको व माय. लोकं पाहून राह्यले."